पहिला किल्ला रामशेज : नाशिकहून एका दिवसाची आखणी

नाशिकला नवीन राहायला आलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांत कुणीतरी विचारतंच, "हरिहर केला का?" त्या किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. ऑफिसच्या ग्रुपवर बेत ठरतो आणि कधी टेकडीसुद्धा न चढलेली माणसं शनिवारी रात्री बूट शोधायला लागतात. हरिहर सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पहिला किल्ला म्हणून तो करू नका. त्या पायऱ्यांवर सगळं लक्ष हाताच्या पकडीकडे असतं, वर-खाली माणसांची रांग लागलेली असते आणि घरी येईपर्यंत आठवतात त्या फक्त पायऱ्या. किल्ला बघायचा राहूनच जातो.

पहिला किल्ला रामशेज करा. नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवर, पेठ रस्त्याला लागून. पायथ्याच्या आशेवाडी गावातून माथ्यावर जायला बेताच्या चालीने पाऊण ते एक तास लागतो आणि बऱ्याच भागात पायऱ्या आहेत. एवढ्या जवळचा आणि एवढा सोपा किल्ला, म्हणून पुष्कळ नाशिककर सकाळी व्यायामाला म्हणून चढतात आणि अर्ध्या तासात उतरून कामाला जातात. त्यांचं ठीक आहे, ते रोजचे आहेत. तुम्ही मात्र याला अख्खा दिवस द्या, निदान दुपारपर्यंतचा वेळ तरी. चढायला तास पुरतो, पण नीट बघायला तीन-चार तास सहज लागतात. इथे काय घडलं ते ठाऊक असेल तर तेही कमी पडतात.

आदल्या रात्री : आधी गोष्ट माहीत करून घ्या

सामानाची यादी नंतर. आधी अर्धा तास काढून रामशेजचा वेढा समजून घ्या, कारण वर गेल्यावर जे दिसतं ते या गोष्टीशिवाय नुसतं दगड, गवत आणि खड्डे वाटू शकतं.

1682 साली औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. स्वराज्याचे किल्ले एकामागून एक घ्यायचे, असा त्याचा बेत. नाशिकजवळचा हा किल्ला तसा लहान, उंचीही फार नाही, भोवती मोकळं मैदान. सैन्य हलवायला आणि तोफा आणायला सोयीचा. म्हणून सुरुवातीलाच शहाबुद्दीन खानाला मोठ्या फौजेनिशी इथे पाठवलं. हाच पुढे फिरोजजंग म्हणून ओळखला गेला. हैदराबादच्या पहिल्या निजामाचा हा बाप. किल्ला काही दिवसांत पडेल असा मोगलांचा अंदाज होता.

किल्ल्यावरची शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, काही शे माणसांची. मोगल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलंय की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, पण तोफांची दारू आणि कातडं भरपूर होतं. मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांना कातड्याने मढवलं आणि त्या डागल्या. ही माहिती शत्रूच्या बाजूच्या माणसाने लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवा. खानाने सुरुंग खणून पाहिले, मोर्चे बांधले. जंगलातली झाडं तोडून लाकडाचा उंच दमदमा उभा केला आणि त्यावरून किल्ल्यात मारा केला. काही चाललं नाही. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमक देऊन धाडलं. त्यांनी बाहेरून वेढा घालणाऱ्यांनाच झोडपलं.

शहाबुद्दीनला बादशहाने परत बोलावलं. त्याच्या जागी बहादूरखान आला. त्याने एका रात्री एक चाल खेळली. एका बाजूला बाजारबुणगे, वाजंत्री, आरडाओरडा असा गलका करायचा, म्हणजे किल्ल्यावरची माणसं तिकडे धावतील, आणि दुसऱ्या बाजूने निवडक लोक दोराने कडा चढतील. किल्लेदाराने हे आधीच ओळखलं. गलक्याच्या बाजूने तसाच गलका करून उत्तर दिलं आणि दुसऱ्या बाजूला काठावर माणसं दबा धरून बसवली. दोरावरून डोकं वर आलं की वार. यानंतर बहादूरखानाने एका मांत्रिकाचाही उपाय केला. मांत्रिकाने सोन्याचा नाग करवून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. वरून आलेल्या माऱ्याने तो पडला, नाग तिथेच राहिला आणि मागची फौज पळाली.

असा हा किल्ला पाच वर्षांहून जास्त काळ झुंजला. शेवटी 1687 मध्ये तो मोगलांकडे गेला तो लढून नव्हे; पैशाचं आमिष दाखवून किल्लेदाराला वश केलं गेलं. पुढे पेशवाईच्या अखेरीस, 1818 मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर आसपासचे बरेच किल्ले न लढता इंग्रजांच्या ताब्यात गेले. रामशेज त्यांतच होता.

एवढं ध्यानात घेऊन निघा आणि वर एकच प्रश्न डोक्यात ठेवून फिरा: मूठभर माणसांनी हा लहानसा डोंगर इतकी वर्षं कसा राखला असेल? पाणी कुठून आणलं, दरवाजा कसा जपला, कुठून नजर ठेवली? पुढची सगळी आखणी या प्रश्नाला पुरेसा वेळ मिळावा म्हणून आहे.

कोणत्या दिवसांत जायचं

दसरा झाला की पुढे फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगर अजून हिरवा असतो, सोनकी वगैरे फुलं असतात, कातळात खोदलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोचरी असते, पण हवा स्वच्छ असली की माथ्यावरून दूरदूरच्या रांगा दिसतात. नव्या माणसाला मी हेच दिवस सुचवेन.

पावसाळ्यात लोक हौसेने जातात. धुकं, पाऊस, हिरवाई सगळं असतं. पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, काठ कळत नाही आणि पाहायचं ते धुक्यात लपलेलं असतं. त्यातून वन विभागाचे किंवा जिल्हा प्रशासनाचे आदेश निघालेले असतील तर ते पाळा. पहिली खेप असेल तर पावसाळा सोडा. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर उजाडताना पायथ्याशी असा आणि दहाच्या आत उतरा. माथ्यावर झाडांची सावली फारशी नाही, आणि कातळ एकदा तापला की वरून ऊन आणि खालून झळ अशी दोन्हीकडून पोळणी होते.

वार निवडता येत असेल तर रविवार टाळा. रामनवमीला आणि श्रावणात रामाच्या मंदिरामुळे भाविकांची गर्दी असते. ती बघण्यासारखी असते, पण तो दिवस किल्ला शांतपणे पाहण्याचा नाही.

कोण बरोबर न्यावं

चार ते सहा जण पुरेत. दहाच्या वर माणसं झाली की अर्धा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. एकट्याने पहिल्यांदा जाऊ नका. घरातल्या ज्येष्ठांना न्यायचं असेल तर नक्की न्या, फक्त आधीच ठरवून ठेवा की ते रामाच्या मंदिरापर्यंत येतील आणि तिथेच बसतील. मंदिर चढाच्या वाटेवरच आहे, सावलीची जागा आहे, त्यांच्या गुडघ्यांनाही झेपतं. "आई, अजून थोडंच राहिलंय" असं म्हणत त्यांना माथ्यापर्यंत ओढू नका. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात. सात-आठ वर्षांपुढची मुलं आनंदाने चढतात. त्याहून लहान मूल असेल तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्याचा हात धरणं हेच असू द्या.

ज्यांना हृदयविकार, दमा किंवा मधुमेह आहे त्यांनी आपली औषधं स्वतःच्या खिशात ठेवावीत. सॅक दुसऱ्याच्या पाठीवर आणि तो पुढे निघून गेलेला, असं नेहमी होतं.

पिशवीत काय

पाणी सगळ्यात आधी. थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. वर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे नुसतं बघून सांगता येत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घालून ठेवा.

खायला कोरडं आणि न सांडणारं न्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, दोन-दोन केळी. प्लास्टिकच्या पाकिटातला चिवडा घरीच डब्यात ओतून घ्या, म्हणजे वर वारा पाकीट उडवून नेणार नाही. एक रिकामी पिशवी आपल्या कचऱ्यासाठी घ्या. जमलं तर इतरांनी टाकलेल्या चार बाटल्याही त्यात येतील. टोपी, पातळ रुमाल, थंडीत सकाळपुरता स्वेटर, बँडेज, जंतुनाशक मलम, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची सॅकच वापरा.

कपड्यांचं एकच सांगतो. पूर्ण लांबीची, सैल पँट घाला. पावसाळा संपल्यावर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत, पायांत घुसतात. उतरल्यावर तासभर ती वेचत बसावं लागतं. बूट नवे कोरे नकोत. आधी आठवडाभर वापरलेले, तळव्याला खाचा असलेले. चप्पल, सँडल आणि गुळगुळीत तळाचे फॅशनचे बूट घरी ठेवा.

अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे लावू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळं असतात. मधमाश्या उठल्या की पळायलाही जागा नसते. उग्र वास, धूर, फटाके, मोठ्याने लावलेला स्पीकर, यांतल्या कशानेही त्या बिथरू शकतात. माश्या घोंगावताना दिसल्याच तर हात झटकू नका. डोकं-तोंड कापडाने झाका आणि शांतपणे आल्या वाटेने मागे फिरा.

वेळापत्रक उलटं मांडा

नवखी मंडळी "किती वाजता निघायचं" इथून सुरुवात करतात. तुम्ही "किती वाजता खाली यायचं" इथून करा. थंडीतला दिवस धरू. नाशिकला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. दुपारी एकला गावात उतरायचं असं ठरवा. उतरायला सावकाश पाऊण तास, म्हणजे सव्वाबाराला माथा सोडायचा. माथ्यावर साडेतीन तास हवेत, म्हणजे पावणेनऊला वर. मंदिरापाशी थांबण्यासकट चढायला सव्वा तास धरला तर साडेसातला आशेवाडीत. म्हणजे पावणेसातपर्यंत पंचवटी सोडलेली बरी. मध्ये काही बिघडलं, कुणाचा पाय मुरगळला, कुणी दमलं, तरी उजेडाचे पाच तास हाताशी राहतात.

अंधार पडेपर्यंत वर रेंगाळू नका. सूर्यास्त पाहायचा मोह होतो, पण या सगळ्या दिंडोरी-नाशिक पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, आणि अंधारात दगडी पायऱ्या उतरणं नवख्याचं काम नव्हे.

घरी एका माणसाला सांगून निघा: कुठे चाललोय, कोण कोण आहे, कितीपर्यंत परत येऊ. अडचण आली तर 112 हा आपत्कालीन क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

आशेवाडीपर्यंत

स्वतःची गाडी असेल तर पंचवटीतून पेठ रस्ता धरा. शहराची वस्ती मागे पडली की रामशेजचा डोंगर समोर दिसू लागतो; वर सपाट आणि खाली उतरता, ओळखायला अजिबात कठीण नाही. आशेवाडीच्या फाट्यावरून गावात वळायचं. एसटीने जायचं असेल तर पेठकडे जाणाऱ्या गाडीने फाट्यावर उतरता येतं. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावरच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, आणि परतीच्या गाडीचंही तेव्हाच विचारा. फाट्यावर उभं राहून शेवटच्या क्षणी शोधाशोध नको.

मिसळ जाताना खाऊ नका, येताना खा. तर्रीदार मिसळ-पाव पोटात घेऊन तासभर चढणं फार त्रासाचं होतं. सकाळी एक पोळी-भाजी किंवा दोन केळी आणि चहा, बस.

गावात गाडी लावताना रस्ता, गोठा, शेताचा बांध अडवू नका. कुणी दिसलं तर "मावशी, इथे गाडी लावली तर चालेल ना?" असं विचारा. वाटही विचारून घ्या. गावकऱ्यांनी दाखवलेली वाट नकाशापेक्षा भरवशाची. वाटेतल्या द्राक्षबागांत शिरू नका. घड कितीही खुणावत असले तरी ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे, आणि बागेवर औषध फवारलेलं असू शकतं. उतरताना हंगाम असेल तर शेतकऱ्याकडून पैसे देऊन किलोभर घ्या.

चढ

पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चाला. नवखा माणूस उत्साहात धावत सुटतो आणि पहिल्याच वळणावर धापा टाकत बसतो. बोलता बोलता चालता येतंय, दम लागून वाक्य तुटत नाहीये, ही बरोबर चाल. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला आणि सगळ्यात सराईत माणसाला मागे ठेवा.

चढताना वर नजर टाकत राहा. खालचा भाग मातीचा, गवताचा, उतरता आहे. त्यावर कातळाचा उभा कडा भिंतीसारखा उठतो. आपला सगळा सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे; कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. किल्ला बांधणाऱ्यांना तटबंदीचा मोठा भाग असा आयता मिळाला. जिथे कडा तुटलाय, वाट वर येऊ शकते, तिथेच भिंत आणि दरवाजा. वेढ्यात सुरुंग का चालले नसतील आणि दोर का लावावे लागले असतील, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

वाटेत रामाचं मंदिर लागतं. ते कातळातल्या गुहेत आहे. राम, लक्ष्मण, सीता यांच्या मूर्ती आहेत आणि जवळच पाण्याचं टाकं. वनवासात राम इथे विश्रांतीला येत, अशी लोकांची श्रद्धा आहे. नाशिकच्या पंचवटीशी हे नातं जोडलेलं आहे. चपला बाहेर काढा, दर्शन घ्या, आपल्या बाटलीतलं पाणी प्या आणि पंधरा मिनिटं बसा. गुहेतला शिलालेखही पाहा. त्यावर खडू, शेंदूर, पाणी काहीही लावू नका. अक्षरं नीट दिसावीत म्हणून लोक असं करतात आणि दगड आणखी झिजतो. मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरला की सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात.

मंदिराच्या परिसरात माकडं असू शकतात. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका आणि त्यांना भरवूही नका.

माथ्यावर

वरच्या दरवाजापाशी पोचल्यावर लगेच आत शिरू नका. दरवाजाबाहेर उभं राहून मागे वळून पाहा, तुम्ही आलात ती वाट कशी येते. चढून येणाऱ्या माणसाची कोणती बाजू वरच्या माऱ्याखाली येते? दरवाजासमोर हत्तीने किंवा ओंडक्याने धडक मारायला मोकळी जागा आहे का? इथे दहा माणसं उभी केली तर खालचे शंभर काय करू शकतील? ही तीन उत्तरं शोधायला पाच मिनिटं लागतात. एकदा सवय लागली की पुढच्या प्रत्येक किल्ल्याचा दरवाजा आपोआप वाचता येतो.

आत आल्यावर माथा दोन्ही बाजूंना पसरलेला दिसतो. घाई न करता आधी एका टोकाला जा, मग दुसऱ्या. तटाच्या आतून चाला. काठावर, सुट्या दगडांवर पाय देऊ नका. वारा जोराचा असतो. कड्याच्या टोकावर पाठ करून फोटो काढू नका, मुलांना तर अजिबात उभं करू नका.

पाण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. रामशेजवर कातळात खोदलेली अनेक टाकी आहेत. एकेक करून शोधा आणि मोजा. मुलं असतील तर मोजणीचं काम त्यांना द्या, ती तुमच्याआधी सापडवतील. टाकं कुठे खोदलंय ते बघा: बहुतेक वेळा उताराच्या अशा जागी की पावसाचं पाणी आपोआप तिकडे वाहून येईल. काठावर पाणी वळवायला खोदलेल्या चरी किंवा खांब रोवायला केलेले खळगे दिसतायत का, तेही पाहा. वर आच्छादन घातलं की पाणी उन्हाने कमी उडतं. टाकं खोदताना निघालेला दगडच तटाला आणि घरांना वापरायचा, ही किल्ल्यांवरची सर्रास पद्धत. एका खोदकामात पाणीही साठलं आणि भिंतही उभी राहिली. खाली शत्रू असताना इतकी वर्षं माणसं तगली ती या टाक्यांमुळे. म्हणून त्यांत पाय धुऊ नका, दगड टाकू नका, पोहायला उतरू नका. बाहेरून उथळ दिसणारं टाकं आत खोल असतं, आणि शेवाळलेल्या काठावरून परत वर येता येत नाही.

चोरदरवाजा शोधायला विसरू नका. वेढा पडल्यावर निरोप्या बाहेर पाठवायचा, रात्री धान्य आत घ्यायचं, अशा कामाला किल्ल्यावर अशी आडवाट ठेवलेली असे. ती लांबून दिसत नाही, अगदी जवळ जाईपर्यंत लक्षात येत नाही, आणि म्हणूनच ती पाहताना मजा येते. आत उतरायचं असेल तर एक जण बाहेर थांबू द्या, आणि पुढे कड्यावर निघत असेल तिथे थांबा.

माथ्यावर देवीचं मंदिर आहे. बाकी वाड्यांची, घरांची आता जोतीच उरली आहेत, गवतात लपलेली. सरळ रेषेत मांडलेले दगड दिसले की समजा, ही भिंत होती. चौरंगासारखा उंचवटा दिसला की कुणाचं तरी घर किंवा सदर, म्हणजे कारभाराची जागा. नवख्याला हे "काहीच नाही" वाटतं. तिथे दहा मिनिटं उभं राहून कोपरे शोधा. घराचा आकार हळूहळू जमिनीवर उमटतो.

मग टोकाला जाऊन बसा आणि चौफेर बघा. दक्षिणेला नाशिक शहर, त्यामागे नैर्ऋत्येकडे अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग. अगदी शेजारी देहेरगड आणि भोरगड. भोरगडावर हवाई दलाचं केंद्र आहे, तिथे सामान्यांना प्रवेश नाही. त्याच्या पायथ्याचा भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सप्तशृंगीकडची सातमाळ रांग क्षितिजावर ओळीने उभी दिसते. आता खालचं मैदान पाहा आणि तिथे छावणी, तंबू, घोडे, तोफा मांडून बघा. त्या छावणीतला प्रत्येक धूर, प्रत्येक हालचाल इथून दिसत असणार. बहादूरखानाचा रात्रीचा गलका किल्लेदाराला का फसवू शकला नाही, ते इथे बसल्यावर मला पटलं. जो माणूस रोज याच जागेवरून खाली बघत होता, त्याला छावणीची रोजची चाल पाठ झालेली असणार. एका बाजूला अचानक जास्त आवाज, म्हणजे दुसरीकडे काहीतरी शिजतंय.

डबा इथेच खा, सावली मिळेल तिथे. चूल पेटवू नका. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की अख्खा डोंगर काळा होतो, आणि त्याबरोबर पक्ष्यांची घरटी आणि गावकऱ्यांचा चाराही जातो. विडी-सिगरेटचंही तेच. गडावर दारू पिणं हा गुन्हा आहे. कुणाच्या पिशवीत ती असेल तर त्याला बरोबर घेऊच नका, यात भिडस्तपणा करू नका. भिंतींवर नावं लिहू नका. नाशिकमधली कितीतरी तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी इथे येऊन टाक्यांतला गाळ काढतात, पायऱ्यांवरची माती उपसतात. ती भेटली तर अर्धा तास घमेलं उचलायला लागा. किल्ला समजून घ्यायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

उतरताना

ठरलेल्या वेळेला उठा, "अजून दहा मिनिटं" नको. उतरताना पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि पुढच्या माणसाच्या पाठीला लागून चालू नका. वाटेवरची बारीक खडी गोट्यांसारखी सरकते. तिथे तिरपं उतरा. पाय मुरगळण्याचे प्रसंग बहुतेक वेळा उतरताना घडतात, कारण लक्ष गप्पांत गेलेलं असतं. शॉर्टकट दिसला तरी घेऊ नका. एक तर तो कड्यावर नेऊन सोडतो, नाहीतर पावसाळ्यात त्याचाच ओहोळ होऊन मूळ वाट वाहून जाते.

खाली आल्यावर गावात चहा मिळाला तर तिथेच घ्या. पैसे गावातच खर्च झालेले बरे.

उरलेल्या दुपारी दुसरं ठिकाण जोडायचा मोह आवरा. म्हसरूळजवळची गजपंथची जैन लेणी जवळच आहेत, पण तिथेही डोंगर चढायचाच आहे. त्यांना वेगळी सकाळ द्या. घरी येऊन रात्री, आठवतंय तोवर, माथ्याचा एक कच्चा नकाशा कागदावर काढा: दरवाजा कुठे, टाकी कुठे, चोरदरवाजा कुठल्या बाजूला. जिथे आठवत नाही तिथे रिकामी जागा सोडा. पुढच्या खेपेला ती भरायची.

यानंतर कोणता

नाशिक जिल्ह्यात साठेक किल्ले सांगितले जातात, तेव्हा पर्यायांची कमी नाही. दुसरा किल्ला म्हणून मी अणकाई-टणकाई सुचवेन. मनमाड-येवला रस्त्यावर, एकमेकांना खिंडीने जोडलेले हे जुळे किल्ले. रेल्वेने मनमाडला उतरून पुढे जाता येतं, म्हणून गाडी नसलेल्यांची सोय होते. पायथ्याशी कोरीव जैन लेणी आहेत आणि अणकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान. दरवाजांची रांगच आहे तिथे, आणि रामशेजवर दरवाजा वाचायला शिकला असाल तर ते फार आवडतील. सापुताऱ्याच्या वाटेवरचा हातगडही सोपा आहे. मग धोडप. हरिहर त्यानंतर, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, गर्दी नसताना.

साल्हेरची घाई करू नका. 1567 मीटर उंचीचा तो महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं ते त्याच्याच पायथ्याशी, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. नाशिकहून त्याचं अंतर मोठं आहे, चढही मोठा. एका दिवसात उरकण्यापेक्षा आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करा आणि पहाटे चढायला लागा.